याकोबाची आई

माझी थोरली जाऊ काजं करायची. शिवणाच्या कारखान्यात कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, कॉलर लावणारा वेगळा, आणि काज-बटणाची माणसं सगळ्यात शेवटी, खिडकीपाशी. काजाची मशीनं आली तेव्हा बाकीच्या बायकांना घरी बसवलं. हिला ठेवलं, कारण महागाच्या कोटांना गिऱ्हाईक हातचंच काज मागतं. मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्यासारखा हात नाही." झालं! बाई त्या एका वाक्यावर वीस वर्षं राबली. पगार वाढव म्हणाली असती तर शपथ.

त्या कामानं तिचे डोळे खाल्ले. पन्नाशीच्या आत जवळचं दिसेनासं झालं. चष्मे बदलून बदलून डॉक्टरनं हात टेकले, तरी ही बोटांनी चाचपून काजं करतच राहिली आणि काज पहिल्यासारखंच सरळ यायचं. मी म्हणायचे, "ताई, सोडा ते काम." तर म्हणायची, "आणि काय करू, तुझ्यासारखी लोकांशी भांडत बसू?" मी बस स्टँडवर तिकीट खिडकीत बसते. दिवसभर भांडून भांडून माझं तोंड तिखट झालंय, हे मला माहीत आहे. घरात एकीनं गोड असलं की दुसरीनं तिखट व्हावंच लागतं, नाहीतर जग दोघींना गिळून टाकेल.

थोरले दीर लवकर गेले. पोरगा तेव्हा पाच-सहा वर्षांचा होता. एकाच घरात दोन खोल्या त्यांच्या, दोन आमच्या, चूल एक. मला मूल नाही. तो पोरगा आम्हा दोघींमध्ये वाढला. नाव काहीही असो, सगळे त्याला लंबूच म्हणायचे. सोळाव्या वर्षी बापाच्या वर गेला आणि थांबायचं नावच घेईना. स्वयंपाकघराच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचा, रोज "आई गं" म्हणायचा, आणि ही रोज आतून ओरडायची, "अरे, चौकट काल पण तिथंच होती!" शिक्षणात त्याचं मन लागलं नाही. शेवटी ताईनं आमच्या चर्चच्या पाळकांच्या हातापाया पडून एका कंत्राटदाराकडे शब्द टाकायला लावला आणि पोरगा रंगकामाला लागला. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवायच्या. एवढ्या लांब हातांचा काहीतरी उपयोग झाला, म्हणून आम्ही खूश.

दर गुरुवारी संध्याकाळी ताईच्या पुढच्या खोलीत शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास व्हायचा. तिला अंधारात पायऱ्या दिसत नाहीत म्हणून मंडळीच तिच्याकडे यायची. मंडळी म्हणजे काय, चार टाळकी. पाळक, रिटायर झालेले पोस्टमन काका, कोपऱ्यावरची बेकरीवाली, आणि आम्ही दोघी जावा. कधी आमचे हे यायचे, भिंतीला टेकून डुलक्या काढायचे.

त्या वर्षी पाळकांनी पहिल्या मंडळीची सुरुवात काढली होती. प्रभू वर गेल्यावर मागं राहिलेली मूठभर घाबरलेली माणसं, त्यांची मंडळी कशी उभी राहिली, कोण तुरुंगात गेलं, कोण मेलं, तो सगळा भाग. पाळकांचा नियम एकच. गोल बसायचं, एकेकानं एकेक वचन वाचायचं, ज्याच्या वाट्याला जे येईल ते. अदलाबदल नाही, गाळणं नाही. ते म्हणायचे, "आवडीचं वाचलं आणि नावडीचं सोडलं, तर ते माझं शास्त्र झालं, देवाचं राहिलं नाही." ताईला अक्षरं दिसत नसत. तिच्या वाट्याचं वचन मी तिच्या कानात वाचायचे आणि ती ते मोठ्यानं म्हणायची. माझ्यापेक्षा खणखणीत म्हणायची.

आणि प्रश्न कसले विचारायची! एका दिवसात तीन हजार माणसं मंडळीत आली, हे वाचलं तर ही म्हणते, "अगं बाई, त्या रात्री यांना जेवायला कोणी घातलं?" पाळकही हसले. तिच्यासाठी ती सगळी माणसं आळीतली होती. प्रभूचा शिष्य पेत्र म्हणजे तोंडानं फटकळ पण मनानं बरा, "अगदी आपल्या धाकटीसारखा," असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवायची. एका गावात गरिबांना कपडे शिवून देणारी बाई मेली आणि विधवा तिनं शिवलेले अंगरखे हातात घेऊन रडत उभ्या राहिल्या, पेत्रानं प्रार्थना केली आणि ती उठून बसली, हे ज्या गुरुवारी आलं त्या गुरुवारी ताईनं डोळ्यांना रुमाल लावला तो काढलाच नाही. "आपल्यातली एक उठली गं," एवढंच म्हणत राहिली. तिच्या वाट्याला शास्त्रात आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी शिवणारं आलं होतं.

त्यानंतरच्याच सोमवारी लंबू परांचीवरून पडला.

मी खिडकीत होते. सुट्ट्या पैशांवरून एकाशी जुंपली होती, तेवढ्यात यांचा फोन आला. मी खिडकीची फळी न लावताच पळाले. हॉस्पिटलमध्ये पोचले तर पोराच्या नाकातोंडात नळ्या, डोक्याला पांढरं मोठं बांधलेलं, आणि पाय पलंगाच्या बाहेर. पलंग पुरत नव्हता त्याला. नर्सनं पायांखाली स्टूल लावलं होतं. मला त्या स्टुलाकडे बघून इतकं रडू फुटलं की मला बाहेर काढलं.

ताई कारखान्यातून आली ती बोटात सुई धरूनच आली. रडली नाही. काचेतून आत बघत राहिली. तिला काचेपलीकडचं किती दिसत असेल, देवालाच ठाऊक. संध्याकाळी काका आणि पाळक आले. काकांना कोणाचं दुःख बघवत नाही, हा त्यांचा चांगुलपणा आणि हाच त्यांचा दोष. आयुष्यभर लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या हातात काहीतरी दिलं, त्या माणसाला रिकाम्या हातानं उभं राहवत नाही. ते ताईच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "वहिनी, आपण अजून तिथवर पोचलो नाही, पण पुढं आहे ते सांगतो. एक तरुण पोरगा खिडकीत बसून उपदेश ऐकत होता. झोप लागली आणि खाली पडला. उचलला तर मेलेला. पण प्रेषितानं त्याला मिठी मारली आणि म्हणाला, याच्यात जीव आहे. आणि पोरगा जगला."

ताईनं मान वर केली. "किती उंचावरून पडला होता?"

"तिसऱ्या मजल्यावरून."

"आमचा लंबूही तिसऱ्याच."

काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या घडीला मला सुद्धा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुरुवार आला. मला वाटलं अभ्यास होणार नाही. पण ताई म्हणाली, झालाच पाहिजे. सगळे जमले. तुरुंगाचा अध्याय होता. राजानं मंडळीतल्या काहींचा छळ करायला हात घातला, हे पहिलं वचन काकांनी वाचलं. दुसरं पाळकांचं. पाळकांनी घसा साफ केला आणि वाचलं की, हे लोकांना आवडलं असं बघून राजानं पेत्रालाही धरलं.

ताईनं विचारलं, "काय आवडलं लोकांना?"

काका म्हणाले, "छळ हो. दुसऱ्याचा छळ लोकांना आवडतोच."

मी माझ्या पुस्तकात बोट ठेवून होते, पुढं ताईचं वचन मला शोधायचं होतं म्हणून. माझं बोट दुसऱ्या वचनावर आणि पाळक तिसऱ्यावर. दुसऱ्यात लिहिलं होतं की, राजानं याकोबाला तलवारीनं मारलं. योहानाच्या भावाला. बस्स, एवढंच. एक ओळ. मी मान वर करून बघितलं तर बेकरीवाली पुस्तकात तोंड खुपसून, काका छताकडे बघतायत, आणि पाळकांचे कान लाल. तिघांनी ठरवून गाळलं होतं. मला तेवढं विचारलं नव्हतं, माझ्या तोंडाचा भरवसा नाही म्हणून.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. पेत्र तुरुंगात. दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी बांधलेला. सकाळी त्याला बाहेर काढणार आणि मारणार. आणि मंडळी एका बाईच्या घरात बसून प्रार्थना करतेय. शेवटच्या रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दार आपोआप उघडतं. पेत्र चालत त्या घराशी येतो आणि दार वाजवतो. मोलकरीण त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत सगळे म्हणतात, तुला वेड लागलंय. आणि तो बिचारा बाहेर ठोकतोच आहे.

इथं ताई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बावळट कुठली! दार तरी उघडायचं!" मग हसता हसता गप्प झाली आणि म्हणाली, "म्हणजे तुरुंगापाशी कोणीच नव्हतं. सगळी घरात होती. घरात बसून मागत होती, आणि तो आपल्या पायांनी आला."

तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही की ती काय ठरवतेय.

दुसऱ्या दिवशी मी डबा भरला आणि म्हणाले, "चला ताई, निघूया." तर म्हणते, "मी येत नाही. मी इथं बसणार. तुरुंगाच्या दाराशी उभं राहून कोणी सुटत नाही. त्या लोकांनी घर सोडलं नाही, मीही सोडणार नाही. लंबू येईल."

मी म्हटलं, "अहो, त्याला हाक तरी मारा. आईचा आवाज ऐकू येत असेल."

"माझा आवाज देवाला ऐकू येतोय ना? मग पोचेल त्याला."

पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून खुर्ची टाकली आणि बसली. कारखान्यात निरोप पाठवला. जेवायला उठायची नाही. बेकरीवालीनं आणलेला पाव हातात तसाच वाळायचा. काका आणि बेकरीवाली आळीपाळीनं येऊन तिच्याबरोबर बसायचे, प्रार्थना म्हणायचे. दारावर कोणाचंही बोट वाजलं की ही ताडकन उठायची. दूधवाला आला तरी उठायची. मीटर वाचणारा आला तेव्हा तर त्याचा हात धरून चेहरा चाचपला हो तिनं! तो बिचारा घाबरून निघून गेला. मी स्वयंपाकघरात तोंडात बोळा कोंबून रडले.

आणि इकडे हॉस्पिटलात पोरगा एकटा. एकटा म्हणजे आम्ही होतो, हे दिवसा, मी कामावरून सुटल्यावर. पण मी त्याची काकू. मी त्याला हाक मारायचे, "लंब्या, ए लंब्या, ऊठ की मेल्या." काही नाही. मशीन श्वास देत होतं आणि छाती वरखाली होत होती, एवढंच.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा काकांना जिन्यातच गाठलं. "काका, ते वचन कुठं गेलं?"

ते समजले. "अगं, कसं वाचणार होतो? तिच्या तोंडावर? एक मारला गेला, एक सुटला. ती काय ऐकणार त्यातून?"

"ती आता जे ऐकतेय ते बरं आहे का?"

"आशा आहे तिला. आपण कोण काढून घेणारे?" काकांचे डोळे भरले. ज्या माणसावर मनसोक्त ओरडायचं तोच रडायला लागला की काय करायचं? मी तणतणत वर गेले. घरी यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. तेवढाच एक आधार आहे तिला." मला वाटलं, असेलही. सगळ्यांनाच जर वाटतंय तर माझंच डोकं फिरलेलं असेल. मी जीभ चावून बसले. मला ते किती जड गेलं हे ज्यांनी मला खिडकीत बघितलंय त्यांना कळेल.

मग दुसऱ्या रविवारी सकाळी डॉक्टरबाईंनी आम्हाला बाजूला बोलावलं. तरुण बाई, लंबूपेक्षा फार मोठी नसेल. तिनं घुमवून फिरवून सांगितलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. म्हणाली, "मेंदूनं कधीच सोडलंय. हृदय इतके दिवस चालत होतं ते त्याच्या वयामुळं. आता तेही दमलंय. आज दिवसभरात कधीही. मशीन लावलेलं असलं तरी. तुम्ही त्याच्या आईला आणा."

हे म्हणाले, "ती येत नाही हो."

डॉक्टरबाई म्हणाली, "येत नाहीत म्हणजे? त्यांना सांगितलंय का कोणी?"

खरंच, सांगितलं होतं कोणी? आम्ही सगळे तिला बरं वाटावं म्हणून धावत होतो. खरं सांगायला एकही गेला नव्हता.

मी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याला थांबून राहा म्हणाले. तीन मजले धावत चढले. पुढच्या खोलीत ताई खुर्चीत, समोर काका गुडघ्यांवर, आणि त्या दिवशी उपासना उरकून पाळकही आले होते. बेकरीवाली दाराशी होती, तिनंच दार उघडलं. दार वाजल्यामुळं ताई उभी राहिली होती. मला ओळखलं आणि तिचा चेहरा पडला. मी आले म्हणून पडला. त्या चेहऱ्यासाठी मी या तिघांना अजून माफ केलेलं नाही.

मी म्हटलं, "ताई, चला. लंबू जातोय."

"जात नाही. येतोय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आजच."

"पेत्रालाही सकाळीच मारणार होते," ती म्हणाली. शांतपणे. "रात्र संपत आली होती. तरी आला ना?"

माझ्याकडे दुसरं काय होतं? हात धरून ओढली असती तर ती खुर्ची धरून बसली असती. मी टेबलावरचं पुस्तक उचललं आणि तो अध्याय काढला. काका म्हणाले, "नको, पोरी, नको." मी ताईच्या शेजारी बसले, नेहमी बसते तशी, आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"ताई, त्या गुरुवारी यांनी एक वचन गाळलं. दुसरं. लोकांना काय आवडलं, तुम्ही विचारलं होतं ना? ते त्यात आहे." आणि मी वाचलं.

सवयीनं ती ते मोठ्यानं म्हणू लागली. "राजानं याकोबाला..." आणि थांबली. "मारलं?"

"मारलं."

"तलवारीनं?"

"हो."

"पेत्राच्या आधी? त्याच राजानं?"

"त्याच."

ती पाळकांकडे वळली. तिला ते नीट दिसत नव्हते, तरी अंदाजानं वळली. "पाळक साहेब, हा तोच याकोब का, ज्याच्या आईनं प्रभूकडे जाऊन मागितलं होतं की, माझ्या दोन्ही पोरांना तुझ्याजवळ चांगल्या जागा दे?"

पाळक म्हणाले, "तोच."

"अरे देवा." ती खाली बसली. "मी पण तुमच्याकडे असंच आले होते. पोराला लावा कुठंतरी म्हणून."

पाळकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"त्याच्यासाठी प्रार्थना केली होती का मंडळीनं?" ताईनं विचारलं. "याकोबासाठी?"

"लिहिलेलं नाही," पाळक म्हणाले.

"पेत्रासाठी केली ते लिहिलंय."

"हो. ते लिहिलंय."

"मग याच्यासाठीही केली असेल. न करता कशी राहतील? आणि त्याच्या आईनं तर केलीच असेल. केलीच असेल ना हो?" तिचा आवाज चढला. मी एवढ्या वर्षांत तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "तिनं काय कमी मागितलं असेल? तिच्या मागण्यात काय कमी पडलं? सांगा की कोणीतरी! एकाला दार उघडून दिलं आणि दुसऱ्याला एक ओळ!"

काका गुडघ्यांवर होते ते तसेच पुढं वाकून जमिनीला टेकले. पाळक म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. मला खरंच माहीत नाही. म्हणून तर मी ते सोडलं. मला धीर झाला नाही."

ताई म्हणाली, "त्याला मारताना ती कुठं होती, हे पण लिहिलेलं नसेल."

"नाही."

"घरात असेल बसून," ती म्हणाली, आणि उठली. "धाकटे, माझी चप्पल कुठंय?"

चप्पल सापडेना. इतके दिवस घरातून पाऊल बाहेर टाकलं नव्हतं, कुठंतरी सरकली होती. मी माझी तिच्या पायात घातली आणि अनवाणी तिच्यामागं जिना उतरले. टॅक्सीत तिनं माझा दंड असा धरला होता की नंतर वळ उठले. एकच वाक्य तिनं चारदा म्हटलं, "जरा जोरात चालवा हो." टॅक्सीवाला भला माणूस. सिग्नल तोडले त्यानं.

आम्ही पोचलो तेव्हा तो होता. मशीनच्या पडद्यावर रेघ चालत होती, अधूनमधून अडखळत होती. डॉक्टरबाईंनी ताईला आत सोडलं आणि कोणी काही न सांगता बाजूच्या नळ्या जरा सरकवून तिला जागा करून दिली. ताईनं आधी त्याचे पाय चाचपले, मग गुडघे, मग वर वर येत छाती, गळा, हनुवटी. दाढी वाढली होती त्याची. तिथं तिचा हात थांबला. "अगं, याची दाढी कोणी केली नाही," असं म्हणाली, जशी काही आमची केवढी मोठी चूक झाली.

मग तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं, मी तिच्या कानाशी न्यायचे तसंच, आणि बोलायला लागली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ऐकायचंही नव्हतं. बराच वेळ बोलली. मध्येच एकदा हसल्यासारखा आवाज आला.

काका आणि पाळक मागून दुसऱ्या गाडीनं आले होते. काका दाराशी पुस्तक छातीला धरून उभे. आत यायचा धीर होईना. ताईला चाहूल लागली. "कोण आहे?"

"मी आहे, वहिनी. येऊ का?"

"या. पण काही वाचू नका."

ते आले आणि पायाशी उभे राहिले. त्यांनी पुस्तक स्टुलाखाली ठेवलं आणि पोराच्या पावलावर हात ठेवला. कोणी प्रार्थना केली नाही. ताईनं करू दिली नाही म्हणा, किंवा कोणाला सुचली नाही म्हणा. दुपार उतरत असताना रेघ अडखळली, पुन्हा चालली, मग नाही चालली. डॉक्टरबाईंनी येऊन एक बटण दाबलं आणि खोली एकदम शांत झाली. मशीनचा तो आवाज किती मोठा होता, हे तेव्हा कळलं.

ताईनं त्याच्या छातीवरचा हात काढला नाही. आमचे हे बाहेर गेले. पाळक कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी ताईच्या पाठीशी जाऊन तिच्या खांद्यांवर हात ठेवले. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "ताई, तुम्ही वेळेवर आलात. त्याला कळलं असेल."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

"इतके दिवस त्याच्याजवळ कोण होतं?" तिनं विचारलं.

"आम्ही होतो ना, ताई. आम्ही एक दिवसही त्याला एकटं सोडलं नाही."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही होतात. मी नव्हते."